अवयवदानाची नोंदणी : कायदा काय सांगतो आणि घराने काय करावे

अवयवदान हा शब्द आता आपल्या जिल्ह्यास नवा राहिलेला नाही. शाळा-महाविद्यालयांतून त्यावर व्याख्याने होतात, गणेशोत्सवात फलक लागतात, वाढदिवसाचे औचित्य साधून संकल्पपत्रे भरली जातात. दधीची ऋषींनी लोककल्याणासाठी आपल्या अस्थी दिल्याची कथा तर प्रत्येक वक्ता सांगतो. हे सारे स्वागतार्हच आहे. तथापि रुग्णांच्या नातेवाइकांशी बोलताना असे दिसते, की संकल्पपत्र भरल्यानंतर पुढे काय होते याविषयी फारच थोड्यांस माहिती असते. कार्ड खिशात असले की डॉक्टर परस्पर अवयव काढून घेतात, असे काहींना वाटते. कार्ड नसले तर काहीच करता येत नाही, असा इतरांचा समज असतो. हे दोन्ही समज चुकीचे आहेत. कायदा नेमके काय म्हणतो आणि बीडसारख्या जिल्ह्यात तो कसा लागू होतो, हे आमचे देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे कुटुंबीय यांच्यासाठी सोप्या शब्दांत मांडण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

कायद्याचा प्रवास

सार्वजनिक आरोग्य हा आपल्या राज्यघटनेनुसार राज्यांच्या सूचीतील विषय आहे. त्यामुळे मृत्यूनंतर शरीराच्या उपयोगासंबंधीचे आरंभीचे कायदे राज्यांनी केले, आणि त्यात आपले राज्य आघाडीवर होते. १९४९ मध्ये मुंबई प्रांताने अ‍ॅनॅटॉमी अ‍ॅक्ट केला. वैद्यकीय शिक्षणासाठी मृतदेह मिळण्याची व्यवस्था त्यामुळे झाली. १९५७ मध्ये नेत्ररोपणाचा कायदा झाला. त्याच्या आदल्याच वर्षी मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला होता. पुढे १९८२ मध्ये महाराष्ट्राने मूत्रपिंडरोपणासाठी स्वतंत्र कायदा केला.

तोवर शस्त्रक्रियेचे तंत्र पुढे गेले होते आणि त्याबरोबर मूत्रपिंडांचा बाजारही उभा राहिला होता. गरिबाने कर्जापायी मूत्रपिंड विकावे आणि दलालाने त्यावर पैसा करावा, ही लांच्छनास्पद स्थिती थांबविण्यासाठी देशव्यापी कायद्याची गरज भासली. राज्यांच्या विषयावर संसदेस कायदा करावयाचा असेल, तर घटनेच्या अनुच्छेद २५२ प्रमाणे किमान दोन राज्यांच्या विधिमंडळांनी तसा ठराव करावा लागतो. महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेश या तीन राज्यांनी तो केला. त्यातून १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा जन्मास आला आणि ४ फेब्रुवारी १९९५ पासून या तीन राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत तो अमलात आला. अन्य राज्यांनी तो पुढे स्वीकारला. २०११ मध्ये संसदेने त्यात महत्त्वाच्या दुरुस्त्या केल्या. २०१४ मध्ये त्या अमलात येऊ लागल्या, त्याच वर्षी नवे नियम झाले, आणि महाराष्ट्रानेही या दुरुस्त्या स्वीकारल्या. अवयवांच्या खरेदी-विक्रीस आता पाच ते दहा वर्षे कारावास आणि वीस लाख ते एक कोटी रुपये दंड अशी शिक्षा आहे.

नोंदणी म्हणजे नेमके काय

कायद्याच्या तिसऱ्या कलमानुसार कोणीही सज्ञान व्यक्ती आपल्या हयातीत, मृत्यूनंतर आपले अवयव उपचारासाठी घेतले जावेत अशी लेखी अनुमती देऊ शकते. त्यासाठी दोन साक्षीदार लागतात आणि त्यांपैकी किमान एक निकटचा नातेवाईक असावा लागतो. २०१४ च्या नियमांतील नमुना क्रमांक ७ हा याच संकल्पासाठी आहे. राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेच्या संकेतस्थळावर सप्टेंबर २०२३ पासून आधार क्रमांकाच्या साहाय्यानेही संकल्प नोंदविता येतो. वाहन चालविण्याच्या परवान्याच्या अर्जातही तशी इच्छा कळविण्याची सोय आहे. दिलेला संकल्प केव्हाही मागे घेता येतो.

साक्षीदाराची ही अट वरवर पाहता कागदोपत्री वाटते. आमच्या मते मात्र सबंध कायद्याचे मर्म तिच्यातच आहे. कारण नोंदविलेला संकल्प अमलात आणावयाची वेळ येते, तेव्हा संकल्प करणारा बोलू शकत नाही. कायद्याप्रमाणे, मृताने आपली अनुमती नंतर मागे घेतली होती असे मानण्यास कारण नसेल, तर देह ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी अवयव काढून घेण्यास सर्व सोयी उपलब्ध करून द्यावयाच्या असतात. प्रत्यक्षात मात्र देशातील कोणतेही रुग्णालय कुटुंबाच्या लेखी संमतीशिवाय पुढे जात नाही. म्हणून घरातील एक माणूस साक्षीदार असणे याचा अर्थ असा, की ती इच्छा घरास ठाऊक आहे. रात्री एकट्याने बसून भ्रमणध्वनीवर केलेली आणि कोणास न सांगितलेली नोंदणी ही चांगली इच्छा आहे, पण प्रसंगी ती कोणाच्या कामी येईलच असे नाही.

याउलट, मृताने कोठेही नोंदणी केली नसली आणि अवयवदानास त्याने विरोधही दर्शविला नसला, तर निकटचे नातेवाईक नमुना क्रमांक ८ वर संमती देऊ शकतात. आपल्या देशात आजवर झालेल्या दानांपैकी पुष्कळशी अशीच झालेली आहेत.

निकटचे नातेवाईक म्हणजे कोण, हेही कायद्याने ठरवून दिले आहे. पती किंवा पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ व बहीण यांचा त्यात आरंभापासून समावेश होता. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा व नातवंडे यांची भर पडली. चुलते, मामा, आत्या, मेहुणे या यादीत नाहीत. आपल्याकडे मात्र दुःखाच्या प्रसंगी निर्णयाचा शब्द बहुधा थोरल्या चुलत्यांचा किंवा मामांचा असतो, आणि स्वाक्षरी करणारी पत्नी किंवा आई कोपऱ्यात बसलेली असते. कायदा तिला अधिकार देतो, परंतु वडीलधाऱ्यांच्या विरोधात तो बजावण्याचे बळ त्या घडीस तिच्यापाशी कोठून यावे? म्हणूनच ही चर्चा आधी, सर्वांच्या देखत झालेली असावी. वडीलधाऱ्यांना विषय माहीत असला तर तेच तिच्या पाठीशी उभे राहतात.

मेंदूमृत्यू म्हणजे काय

मूत्रपिंडे, यकृत, हृदय, फुप्फुसे व स्वादुपिंड यांचे मरणोत्तर दान प्रामुख्याने एकाच परिस्थितीत शक्य होते. रुग्ण अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर असताना त्याचा मेंदूस्तंभ कायमचा निकामी व्हावा लागतो. रुग्णालयात सारे यालाच ब्रेन डेड म्हणतात. डोक्यास जबर मार, मेंदूत रक्तस्राव किंवा मेंदूची गाठ ही याची नेहमीची कारणे होत. यंत्र व औषधे यांच्या बळावर छाती वरखाली होत राहते, अंग उबदार असते, हृदयाचे ठोके पडद्यावर दिसतात. परंतु श्वास घेण्याची आज्ञा देणारे केंद्रच नष्ट झालेले असते आणि ते पुन्हा जागृत होत नाही. बेशुद्धावस्था अर्थात कोमा ही वेगळी गोष्ट आहे. कोमातील रुग्णाचा मेंदू जिवंत असतो आणि तो बरा होण्याची शक्यता असू शकते. मेंदूमृत्यू हा मृत्यूच आहे.

हे निदान एका डॉक्टरच्या शब्दावर होत नाही. चार डॉक्टरांचे मंडळ ते करते. रुग्णालयाचे वैद्यकीय प्रमुख, शासनाच्या प्राधिकरणाने मान्य केलेल्या यादीतील तज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदूचे शल्यचिकित्सक आणि उपचार करणारे डॉक्टर असे हे चौघे असतात. मेंदूविकारतज्ज्ञ उपलब्ध नसल्यास भूलतज्ज्ञ, अतिदक्षता तज्ज्ञ, शल्यचिकित्सक वा फिजिशियन यांना त्या जागी घेण्याची मुभा २०११ च्या दुरुस्तीने दिली. लहान जिल्ह्यांच्या दृष्टीने ही सुधारणा मोलाची आहे. प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतील कोणीही या मंडळात असू शकत नाही. बुबुळांवर प्रकाश टाकणे, घशास स्पर्श करणे, यंत्र काही मिनिटे बाजूस ठेवून स्वतःहून श्वासाचा प्रयत्न होतो का हे पाहणे अशा ठरलेल्या चाचण्या होतात, आणि किमान सहा तासांच्या अंतराने त्या पुन्हा केल्या जातात. नोंद नमुना क्रमांक १० वर होते. ‘कार्ड असले तर डॉक्टर लवकर हात टेकतील’ ही भीती मनात असलेल्यांनी या तरतुदी अवश्य ध्यानात घ्याव्यात.

आपल्या जिल्ह्यात हे कसे घडेल

समजा, सोलापूर-धुळे महामार्गावर गेवराईजवळ एखाद्या दुचाकीस्वार तरुणास अपघात झाला. डोक्यावर हेल्मेट नव्हते. प्रथमोपचारानंतर त्यास बीड येथे किंवा थेट छत्रपती संभाजीनगर येथे हलविण्यात आले. सर्व उपचार होऊनही दोन दिवसांनी मेंदूमृत्यू झाल्याचे मंडळाने घोषित केले. येथून पुढे कायदा काय सांगतो?

पहिली जबाबदारी रुग्णालयाची आहे. मृताने संकल्प नोंदविला होता काय याची चौकशी करणे आणि नसल्यास कुटुंबास दानाचा पर्याय समजावून सांगणे, हे २०११ च्या दुरुस्तीने अतिदक्षता विभागातील डॉक्टरांचे कर्तव्य ठरविले आहे. महाराष्ट्र शासनाने त्यापुढे पाऊल टाकून २०१२ मध्ये शासन निर्णय काढला. अतिदक्षता विभाग व शस्त्रक्रियागृह असलेल्या, परंतु स्वतः प्रत्यारोपण न करणाऱ्या रुग्णालयांनाही अवयव काढून घेण्यासाठी मान्यता मिळण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला. म्हणजे दान केवळ महानगरातच होऊ शकते, असे आता राहिलेले नाही.

दुसरी गोष्ट समन्वयाची. राज्यात मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रे आहेत, आणि बीड जिल्हा यांपैकी शेवटच्या केंद्राच्या कक्षेत येतो. कोणता अवयव कोणास द्यावयाचा, हे प्रतीक्षायादी, रक्तगट व वैद्यकीय निकष यांवरून हे केंद्र ठरविते. कुटुंबास अथवा रुग्णालयास त्यात निवड करता येत नाही. हृदय व फुप्फुसे काढल्यापासून चार ते सहा तासांत, यकृत साधारण बारा तासांत आणि मूत्रपिंडे साधारण चोवीस तासांत बसवावी लागतात. जानेवारी २०१६ मध्ये औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथून एका मेंदूमृत रुग्णाचे हृदय विमानाने मुंबईस नेण्यात आले. मराठवाड्यातून असे होऊ शकते, हे त्या वेळी सिद्ध झाले.

तिसरी गोष्ट पोलीस कारवाईची. अपघात म्हटला की पंचनामा व शवविच्छेदन आलेच. त्यामुळे अवयवदान करता येत नाही किंवा देह मिळण्यास फार उशीर होतो, अशी समजूत आहे. २०१४ च्या नियमांत याची स्पष्ट तरतूद आहे. संमती मिळताच रुग्णालयाने पोलीस ठाण्यास विनंतीपत्र द्यावयाचे आणि त्याची प्रत शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना पाठवावयाची, म्हणजे दोन्ही कामे मेळ घालून होतात. मृत्यूचे कारण ठरविण्यात बाधा येणार नाही, एवढी काळजी मात्र घ्यावी लागते.

खर्चाचा भारही कुटुंबावर पडत नाही. संमती दिल्यानंतर देहाची निगा राखणे, अवयव काढणे व त्यांची वाहतूक यांचा खर्च दात्याच्या कुटुंबाकडून घेऊ नये, असे नियमच सांगतात. शस्त्रक्रियेनंतर शरीर व्यवस्थित शिवून सन्मानाने परत दिले जाते आणि अंत्यसंस्कार आपापल्या रीतीप्रमाणे करता येतात.

संकल्प लाखांत, दाते हजारांत

राज्य शासनाने २०१६ मध्ये महाअवयवदान अभियान राबविले आणि असंख्य नागरिकांनी त्यात संकल्प केले. राष्ट्रीय संकेतस्थळावरही सप्टेंबर २०२३ पासून तीन लाखांहून अधिक संकल्प नोंदले गेले आहेत. आता दुसरी बाजू पाहू. २०२३ मध्ये संबंध देशात मरणोत्तर अवयवदाते होते एक हजारांहून थोडे अधिक. त्याच्या आदल्या वर्षी, २०२२ मध्ये, रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांतील सर्वच मेंदूमृत नव्हती हे खरे, तरीही हे अंतर विचार करावयास लावणारे आहे.

या तुटीची किंमत कोण देते? २०२३ मध्ये देशात झालेल्या अठरा हजारांहून अधिक प्रत्यारोपणांपैकी पंधरा हजारांहून अधिक जिवंत दात्यांच्या अवयवांवर झाली, आणि जिवंत दात्यांमध्ये स्त्रियांची संख्या मोठी आहे. घरातील कर्त्या पुरुषाची मूत्रपिंडे निकामी झाली की आई किंवा पत्नी पुढे होते. उसतोडीस जाणाऱ्या कुटुंबातील जी स्त्री नवऱ्याच्या बरोबरीने कोयता चालविते, तीच पुढे एका मूत्रपिंडावर तो चालविणार असते. जिचा रक्तगट जुळत नाही, तिच्या घरातील रुग्ण आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिसच्या खाटेवर पडून वाट पाहतो. मरणोत्तर दान वाढणे म्हणजे या स्त्रियांवरील भार हलका होणे, असा याचा थेट अर्थ आहे.

केवळ कायदा कडक केल्याने हे साधेल काय, याचा अनुभव अन्य देशांनी घेतला आहे. वेल्समध्ये २०१५ पासून आणि इंग्लंडमध्ये २०२० पासून, नकार नोंदविलेला नसल्यास संमती गृहीत धरली जाते. तरीही तेथे कुटुंबाशी बोलल्याखेरीज पुढे जात नाहीत. स्पेनने असा कायदा १९७९ मध्येच केला, परंतु दानाचे प्रमाण वाढले ते १९८९ मध्ये राष्ट्रीय संघटना स्थापन होऊन रुग्णालयारुग्णालयांत प्रशिक्षित समन्वयक नेमल्यानंतर. आज स्पेनमध्ये दर दहा लाख लोकसंख्येमागे पन्नासच्या आसपास मरणोत्तर दाते असतात. भारतात हे प्रमाण एकाहूनही कमी आहे. आपल्या देशातही प्रोत्साहनाचे मार्ग शोधले जात आहेत. तमिळनाडूने २०२३ मध्ये दात्यांना शासकीय इतमामात निरोप देण्याचे ठरविले. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय संस्थेने राज्यांना केलेल्या सूचनांत, प्रतीक्षायादीतील स्त्रियांना व मृत दात्यांच्या निकटच्या नातेवाइकांना प्राधान्य देण्यास सांगितले आहे.

कायद्यातील एक उणीवही नमूद केली पाहिजे. मेंदूमृत्यूची व्याख्या आपल्याकडे अवयवदानाच्या कायद्यातच आहे. त्यामुळे कुटुंबाने दानास नकार दिल्यास व्हेंटिलेटर चालू ठेवावा की थांबवावा, या पेचात डॉक्टर व नातेवाईक दोघेही सापडतात, आणि ‘दानासाठीच मृत घोषित केले’ असा संशय बळावतो. केरळने २०२० मध्ये दानापासून स्वतंत्र अशा मेंदूमृत्यू निदानाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. अशी स्पष्टता सर्वत्र आल्यास विश्वास वाढेल, असे आम्हांस वाटते.

घरी मृत्यू झाल्यास

अवयवदान, नेत्रदान व देहदान या तीन गोष्टींची नेहमी गल्लत होते. घरी नैसर्गिक मृत्यू झाल्यास मूत्रपिंड वा यकृत देता येत नाही, परंतु नेत्रदान निश्चित करता येते. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपेढीस कळवावे. पंखा बंद करून पापण्या मिटाव्यात, डोळ्यांवर ओला कापूस ठेवावा आणि डोके उशीवर किंचित उंच ठेवावे. चष्मा असलेले, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले, मधुमेह वा रक्तदाब असलेले वृद्धही नेत्रदान करू शकतात. कावीळ ब, एचआयव्ही वा रेबीज यांसारख्या संसर्गात मात्र ते होत नाही.

देहदान हे वैद्यकीय शिक्षणासाठी असते. अंबाजोगाई येथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय ही आपल्या जिल्ह्याची मोठी ठेव आहे. शरीररचनेचे पहिले धडे विद्यार्थी दान केलेल्या देहावरच गिरवितात. शवविच्छेदन झालेला किंवा डोळ्यांखेरीज अन्य अवयव काढलेला देह सामान्यतः देहदानासाठी स्वीकारला जात नाही. म्हणून संकल्प करताना तिन्ही इच्छा लिहून ठेवाव्यात. प्रसंग येईल त्याप्रमाणे त्यांतील शक्य ती पूर्ण करता येते.

आपणांस विनंती

विश्वस्त मंडळे व देणगीदार यांनी इमारत व यंत्रे यांच्या जोडीस माणसाकडेही लक्ष द्यावे. शोकाकुल कुटुंबाशी घाई न करता, त्यांच्या बोलीत बोलू शकणारा प्रशिक्षित समन्वयक, मेंदूमृत्यूच्या चाचण्यांत तयार झालेले डॉक्टर व परिचारिका आणि नातेवाइकांना शांतपणे बसता येईल अशी एक खोली, यांवर झालेला खर्च डोळ्यांत भरत नाही, पण संकल्पाचे दान त्यातूनच होते.

कुटुंबांस विनंती अशी, की नमुना क्रमांक ७ भरताना साक्षीदार म्हणून घरातीलच माणूस घ्यावा आणि स्वाक्षरीपूर्वी त्यास सर्व समजावून सांगावे. संकल्पपत्राची प्रत रेशनकार्ड, विम्याची कागदपत्रे असतात त्या ठिकाणी ठेवावी. दसरा-दिवाळीस सारे एकत्र जमले असता एकदा हा विषय काढावा आणि चुलते, मामा, सासरे यांचेही म्हणणे ऐकून घ्यावे. कोणास हे मान्य नसेल, तर तेही मनमोकळेपणाने सांगितले जावे. कायद्याने हे दान पूर्णतः ऐच्छिक ठेवले आहे, आणि नकार देणारे कुटुंब कोणत्याही अर्थाने उणे ठरत नाही.

अतिदक्षता विभागाच्या दाराशी बसलेल्या आईस ‘त्याची काय इच्छा होती?’ असे डॉक्टरांनी विचारल्यास, तिला उत्तर ठाऊक असावे. नोंदणीच्या साऱ्या कायद्यांचा हेतू शेवटी एवढाच आहे.